माईलचा टाईम कमी करायचाय? पहिला राऊंड आवरा

माईल म्हणजे १६०९ मीटर, ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार राऊंड आणि वर जेमतेम नऊ मीटर. तिशी-चाळिशीत पळायला लागलेले आपण सगळे एकच घोळ घालतो, रोज घड्याळ लावून जीव खाऊन पळतो आणि महिन्याभरात पोटरी धरून बसतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकच दिवस जोरात पळा. ८ मिनिटांचं टार्गेट असेल तर ४०० मीटर बरोब्बर २ मिनिटांत, मग २ मिनिटं चालायचं, असं सहा वेळा, आणि पहिला राऊंड १:५० ला आला तर खूश होऊ नका, ती चूक आहे, तिसऱ्या राऊंडला पाय शिशासारखे होतात तेव्हा कळतं. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकंच हळू. हे हळू पळणं लोकांना कमीपणाचं वाटतं (मलाही वाटायचं), पण दम त्यानेच वाढतो. जोरात पळायच्या आधी १० मिनिटं हलकं जॉगिंग मस्ट, थंड स्नायूंवर स्प्रिंट मारली की हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेलीच म्हणून समजा. आणि टाईम ट्रायल, म्हणजे घड्याळ लावून अख्खा माईल जोरात पळणं, महिन्यातून एकदाच, रोज नाही.