परदेशातून पुण्याच्या शिंप्याकडे ब्लाउज शिवायला देताना या चुका टाळा

जर्मनीत आल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत पुण्याहून शिवून आलेले पैठणीचे ब्लाउज मी अंगात घातले आणि हात वर जाईना. बाही दंडाला काचत होती. उसवून सैल करावी म्हणून आतली शिवण पाहिली, तर माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, जेमतेम पाव इंच उरली होती आणि बाकीची इंटरलॉक करताना, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मशीनवर कडा बांधताना, कापली गेली होती. दोष शिंप्याचाच, असे तेव्हा वाटले. पण मी पाठवलेल्या मापांमध्ये मायेविषयी एक शब्दही नव्हता. आपण समोर उभे नसलो की शिंपी न सांगितलेली प्रत्येक गोष्ट आपल्या सवयीने भरून काढतो, आणि परदेशातून कपडे शिवून घेतानाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ अंगाची मापे लिहून पाठवणे. घरात शिंप्याची टेप नसते, म्हणून नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतली लोखंडी टेप काढली जाते, ती पाठीवर खाली घसरते आणि छातीचे माप इंचभराने चुकते. जर्मनीत सगळा व्यवहार सेंटिमीटरमध्ये आणि पुण्याच्या शिंप्याचा इंचांत असल्यामुळे आकड्यापुढे एकक लिहिले नाही, तर घोटाळा ठरलेलाच. छाती ९२ सेंटिमीटर म्हणजे सव्वाछत्तीस इंच, हे गणित आपण करून पाठवावे, शिंप्यावर सोडू नये. नमुन्याचे ब्लाउज पलंगावर पसरून घेतलेले माप अर्धे असते. ते अर्धे आहे की पूर्ण घेराचे, हेही लिहावे लागते.

मापांपेक्षा नीट बसणारे जुने ब्लाउज पाठवणे केव्हाही चांगले. मात्र नमुना नव्या कापडाच्याच जातीचा हवा. ताणल्या जाणाऱ्या कापडाचे ब्लाउज आपल्याला उत्तम बसते, पण त्याच मापाने शिवलेले रेशमी ब्लाउज श्वास घेऊ देत नाही. जिथे बदल हवा असेल, तिथे रंगीत दोऱ्याने धावदोरा घालावा आणि 'मुंढा इथे अर्धा इंच सैल' अशी चिठ्ठी टाचावी (मुंढा म्हणजे बाही जोडतात तो गोलावा). बऱ्याच दुकानांत माप घेणारा एक, कापणारा दुसरा आणि शिवणारा तिसरा असतो. फोनवर मालकाला सांगितलेले मशीनवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही. कापडाला टाचलेली चिठ्ठी मात्र पोहोचते. हा नमुना परत न मागता शिंप्याकडेच ठेवून द्यावा.

मायेबाबत संकोच करू नये. दोन्ही बाजूंच्या शिवणींत किमान एक-एक इंच आणि बाहीच्या आत अर्धा इंच माया ठेवावी, ती इंटरलॉकमध्ये कापू नये, असे स्पष्ट लिहावे. रेशमी कापडावर जुन्या शिवणीची सुईची भोके उसवल्यावरही दिसत राहतात, म्हणून पैठणीचे ब्लाउज घट्ट शिवून नंतर सैल करण्यापेक्षा थोडे सैल शिवून नंतर घट्ट करणे शहाणपणाचे ठरते. सुती कापड आणि सुती अस्तर शिवण्यापूर्वी भिजवून घ्यायला सांगावे. कापड पाच टक्के आटले, तर चाळीस इंचांतले दोन इंच जातात, आणि नुसते अस्तर आटले, तर वरचे कापड फुगून चुण्या पडतात.

साडीबरोबर येणारा ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. लांब बाही, बंद गळा आणि दोन्ही बाह्यांना काठ हे सगळे त्यात बसेल की नाही, ते कापडाच्या पन्ह्यावर, म्हणजे रुंदीवर, आणि आपल्या मापावर अवलंबून असते. त्यामुळे कात्री लावण्यापूर्वी शिंप्याला विचारावे आणि कापड कमी पडल्यास काठ बाहीला घ्यायचा की पाठीला, हेही आधीच ठरवावे.

एकटीने राहणाऱ्या मैत्रिणींनी पाठीमागच्या हुकांचा मोह टाळावा, कारण कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते लावून द्यायला वहिनी किंवा शेजारीण नसते. दिवाळीत इथे थंडी पडते. आत थर्मल घालणार असाल, तर तो घालूनच मापे घ्यावीत आणि गळा त्याहून खोल ठेवू नये.

पैठणी पहिल्याच फेरीत देऊ नये. आधी साधे सुती ब्लाउज शिवून मागवावे, ते घालून दोन-तीन तास वावरावे आणि जे काचेल ते कळवावे. पैठणीचे कापड त्यानंतर द्यावे. यात एक महिना सहज जातो. दिवाळीसाठी शिवायचे असेल, तर कापड गणपतीपूर्वीच शिंप्याकडे गेलेले बरे. शिंप्याच्या तारखेवर विश्वास ठेवून टपालाचा हिशेब करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पार्सलवर सरसकट 'भेट' लिहिणे हीदेखील चूकच आहे. युरोपीय संघात ४५ युरोंपर्यंतची करसूट एका खाजगी व्यक्तीने दुसरीला मोबदला न घेता पाठवलेल्या भेटीला मिळते, तुम्ही पैसे मोजून शिवून घेतलेल्या कपड्यांना नाही. विकत घेतलेल्या मालावरची २२ युरोंची जुनी सूटही १ जुलै २०२१ पासून बंद झाली आहे. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट म्हणून ४३० युरोंपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येतात, त्यामुळे सुट्टीत पुण्याला गेल्यावर स्वतः ट्रायल देऊन तयार कपडे बॅगेतून आणणे सर्वांत सोयीचे.

एवढे करूनही ब्लाउज चुकले, तर ते पुण्याला परत पाठवू नये. इथे शहराशहरांत कपडे दुरुस्त करणारी छोटी दुकाने असतात. त्यांना आपला कटोरी ब्लाउज, म्हणजे छातीला वाटीसारखा आकार दिलेला प्रकार, समजावत बसण्याची गरज नाही. ब्लाउज उलटे करून बाजूच्या शिवणी दाखवाव्यात, जिथपर्यंत सैल हवे तिथे खडूने रेघ मारावी आणि टक्सना, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चुण्यांना, हात लावू नका असे सांगावे. आत माया असेल, तर बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागते.