सोमवारची संध्याकाळ घरच्यांची: होम इव्हनिंग कशी घ्यावी

जोसेफ एफ. स्मिथ पाच वर्षांचे असताना, १८४४ मध्ये, त्यांच्या वडिलांची अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने हत्या केली. विधवा आईने मुलांना घेऊन बैलगाडीने सॉल्ट लेकचं खोरं गाठलं, आणि १८५२ मध्ये तीही गेली. ज्याचं घर तेराव्या वर्षी असं संपलं, तोच माणूस १९०१ मध्ये अमेरिकेतल्या लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती चर्चचा, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांचा, अध्यक्ष झाला. घरच्यांसाठी राखून ठेवलेली संध्याकाळ, म्हणजेच होम इव्हनिंग, साऱ्या चर्चमध्ये रुजवली ती त्यांनीच. (त्यांचं स्वतःचं कुटुंब त्या काळच्या बहुपत्नी प्रथेतलं होतं. नवे बहुपत्नी विवाह करणाऱ्यांवर चर्च कारवाई करील, असं १९०४ मध्ये जाहीर करणारेही तेच.)

२७ एप्रिल १९१५ च्या त्यांच्या पत्रात महिन्यातून एक संध्याकाळ सांगितली होती: प्रार्थना, गीतं, वाद्यवादन, शास्त्रवाचन, घरातले विषय, लहानांसाठी गोष्टी नि खेळ, आणि शेवटी शक्यतो घरीच केलेला हलका खाऊ. औपचारिकपणा कटाक्षाने टाळा आणि सगळ्यांना सहभागी करून घ्या, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढे १९६५ पासून ही संध्याकाळ आठवड्याला घेण्यावर भर आला आणि १९७० मध्ये सगळीकडे सोमवार ठरला. सोमवारी संध्याकाळी चर्चच्या इमारतीत कार्यक्रम ठेवत नाहीत. आता कुटुंबाने रविवारी किंवा दुसऱ्या दिवशी घेतली तरी चालते. पण दिवस एकदा ठरवला की तो कॅलेंडरवर आधी लिहायचा आणि बाकीची कामं त्याच्या भोवती बसवायची.

पहिली तयारी म्हणजे कामांची पाटी. लाकडी फळीवर हुक ठोकून प्रत्येकाखाली काम लिहितात आणि हुकवर नावाच्या चकत्या अडकवतात. दर आठवड्याला सगळ्या चकत्या एक हुक पुढे. घरात चार माणसं आणि कामं सहा असली की हमखास गोंधळ होतो, म्हणून माणसं तितकेच हुक ठेवा. चौघांसाठी अशी वाटणी सोयीची: गीत आणि सुरुवातीची प्रार्थना, पाठ, खेळ आणि शेवटची प्रार्थना, खाऊ. तीन वर्षांच्या मुलाकडे पाठ आला तर मोठ्याने त्याच्याशेजारी बसावं, पण चकती काढून घेऊ नये. चित्र हातात धरून उभं राहणं हीसुद्धा पाठ देण्याची सुरुवातच आहे.

वेळ लहान मुलं असतील तर अर्धा तास, मोठी असतील तर पाऊण. जेवणानंतर लगेच बसा. झोपेच्या तोंडावर बसवलेली मुलं चिडचिड करतात. फोन दुसऱ्या खोलीत, आईवडिलांचे आधी.

एक गीत, मग प्रार्थना. हात बांधून, मान झुकवून, डोळे मिटून स्वर्गीय पित्याला उद्देशून दोन-चार साधी वाक्यं, आणि येशू ख्रिस्ताच्या नावाने आमेन. त्यानंतर पाच मिनिटं आठवड्याचं वेळापत्रक: कोणाची परीक्षा, कोणाचा दवाखाना, कोण उशिरा येणार.

पाठ दहा मिनिटांवर नेऊ नका. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी घ्या, ओवी २५ ते ३७: लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूला याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिरातला सेवक) टाळून जातात, आणि परका शोमरोनी मात्र पट्टी बांधून त्याला खाणावळीत नेतो व त्याच्या देखभालीसाठी दोन दिनार देतो. वाचायला दोन-तीन मिनिटं पुरतात. मग तीच गोष्ट करून दाखवायची: एक वाटसरू, लुटारू, याजक, लेवी, शोमरोनी आणि खाणावळवाला. माणसं कमी असतील तर एकाने दोन भूमिका करायच्या. पट्टी म्हणून पंचा, दोन दिनारांसाठी दोन नाणी. शेवटी प्रश्न एकच: या आठवड्यात आपल्या वाटेवर मदतीची गरज कोणाला आहे? उत्तरातून एकच काम ठरवा, आजारी शेजाऱ्याला जेवणाचा डबा देण्याइतकं नेमकं. पुढच्या आठवड्यात ते झालं का, एवढं विचारा.

खाऊ म्हणजे पॉपकॉर्न, कुकीज, घरचं आइस्क्रीम. चहा-कॉफी या श्रद्धेत वर्ज्य, त्यामुळे थंडीत गरम कोको.

बिघडतं बहुतेक पाठाच्या वेळी. पाठाच्या आडून प्रगतिपुस्तक, पसारा, भांडणं काढली की मुलं सोमवारकडे चौकशी म्हणून बघायला लागतात. शिस्तीचं बोलणं दुसऱ्या दिवशी, एकेकट्याशी करा. दुसरी चूक पूर्णत्वाच्या हट्टाची. चर्चचे प्रेषित, म्हणजे वरिष्ठ नेते, डेव्हिड बेडनार यांनी २००९ च्या चर्चच्या सर्वसाधारण परिषदेत त्यांच्या घरातली मुलं एकमेकांना ढकलत, तक्रारी करत बसायची हे मोकळेपणाने सांगितलं, आणि गव्हाच्या शेताच्या एका चित्राचा दाखला दिला: कुंचल्याचा एकेक फटका सुटा पाहिला तर काहीच वाटत नाही, चित्र सगळ्या फटक्यांनी मिळून होतं. म्हणून मुलं चुळबुळ करायला लागली तर ओरडू नका, पाठ तिथेच थांबवा आणि खेळाकडे वळा.

किशोरवयीन मुलं येऊन नुसती गप्प बसतात. त्यांना पाठाचा विषय निवडू द्या, प्रश्न विचारू द्या, आणि तुम्हाला उत्तर येत नसेल तर तसं सांगा. २०१९ पासून रविवारची सभा तीन तासांवरून दोन तासांवर आली ती घरातल्या शिक्षणाला जागा मिळावी म्हणून. त्यासोबत चर्चचं आठवडावार वाचनाचं वेळापत्रकही आहे. त्यातला एक उतारा उचलला की पाठाची शोधाशोध वाचते.

एकटे राहणारेही ही संध्याकाळ घेतात. अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्होमधल्या, चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात विद्यार्थी गट करून जमतात.

एखादा सोमवार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट पाठ घेऊ नका. चकत्या होत्या तिथेच राहू द्या. ज्याचं काम राहिलं होतं त्याच्यापासूनच सुरू करा.