घरात आजारपण असताना तीन वेगवेगळ्या वयांच्या पोरांचा अभ्यास कसा चालू ठेवायचा

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. तीन पोरं, थोरली 14 ची, मधला 9 चा, धाकटी 5 ची, आणि तिघांचा अभ्यास घरीच असतो. गेल्या वर्षी जूनपासून दसऱ्यापर्यंत आमच्या घरात कोण ना कोण अंथरुणावर होतंच. आधी आत्तींना (माझ्या सासूबाईंना) अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली, मग मधल्याला कांजिण्या, त्याच्यामागनं धाकटीला, आणि ऐन चवथीच्या तोंडावर मी स्वतः जुलाबानं आडवी. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, शिफ्ट ड्युटी, त्यामुळं दिवसा घरात मी एकटीच. त्या चार महिन्यांत काय जमलं काय नाही ते सगळं लिहून काढलंय, कारण सुरवातीला मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

पहिल्यांदा एकच करा, भिंतीवरचं वेळापत्रक काढून ठेवा. मी ते काढलं नाही, दहा ते एक अभ्यास म्हणजे अभ्यास असं दोन आठवडे ओढत राहिले, आणि रोज दुपारी कुणीतरी रडायचं, बहुतेक वेळा थोरली. मग ठरवलं की आजारपणात रोज प्रत्येकाच्या तीनच गोष्टी व्हायच्या: थोडं वाचन, थोडं गणित आणि हातानं केलेलं एक काम. धाकटीला मिळून वीस मिनिटं, मधल्याला तासभर, थोरलीला दोन-अडीच तास आणि तेसुद्धा सलग नाही. एवढं झालं की त्या दिवसाचा अभ्यास झाला, वर काय झालं तर बरंच. आणि हे आजारपण संपेपर्यंतच, हेही पोरांना स्पष्ट सांगा, नाहीतर मधल्याला वाटलं की आता कायमचं असंच!

दुसरं, तिघांना तीन विषय द्यायला जाऊ नका, विषय एक घ्या आणि काम वयाप्रमाणं वाटा. आमचा विषय होता पाऊस, कारण खानापुरात जून-जुलैला दुसरं असतंय काय. पाऊस मोजायला सरळ बाजूची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, बुडात खडे टाकून पाणी सपाट होईपर्यंत भरायचं, तिथं शून्याची खूण, आणि बाजूला पट्टी चिकटवायची. ठेवायची उघड्यावर, पागोळी पडेल अशा जागी नको. रोज सकाळी आठला धाकटी जाऊन पाणी कुठवर आलंय ते बोटानं दाखवणार आणि आकडा ओळखणार, मधला तो वहीत लिहून आठवड्याचा आलेख काढणार, आणि थोरली हिशेब करणार. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी. एक गुंठा 1089 चौरस फूट, म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. एका दिवशी 34 मिलिमीटर भरला, आमचा भाताचा तुकडा 12 गुंठ्यांचा, तिनं काढलं तर 41 हजार लिटरच्या वर पाणी निघालं, हजार लिटरच्या एक्केचाळीस टाक्या! मधला पळत जाऊन आत्तींना सांगून आला, आणि आत्ती अडखळत का होईना पण धूळवाफ (कोरड्या मातीतली) पेरणी पावसाच्या आधी का करतात ते त्याला सांगत बसल्या. मला त्या दिवशी काहीच शिकवावं लागलं नाही.

घरातलं आजारपणसुद्धा पोरांपासनं लपवू नका, त्यातच अर्धा अभ्यास आहे. आत्तींच्या बीपीचे दोन आकडे रोज मधला लिहायचा, वरचा वेगळ्या रंगात, खालचा वेगळ्या. नाडी पंधरा सेकंद मोजायची आणि चारानं गुणायचं, स्वतःची, आज्जीची, उड्या मारल्यानंतर धाकटीची. थोरलीनं थर्मामीटरचं फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं, 32 वजा करा, 5 नं गुणा, 9 नं भागा, 98.6 चं 37 आलं की बरोबर. मला जुलाब झाले तेव्हा साखर-मिठाचं पाणी मधल्यानं मापलं: 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला साखर 6 सपाट चमचे (चहाचा छोटा चमचा) आणि मीठ अर्धा चमचा. मग अर्ध्या लिटरला किती, असं मीच झोपल्या झोपल्या विचारलं, तीन आणि पाव म्हणाला, अपूर्णांक तिथंच पक्के झाले.

सगळ्यात चांगलं जमलं ते धाकटीचं आणि आत्तींचं. फिजिओथेरपीवाल्यांनी आत्तींच्या डाव्या हाताला व्यायाम दिला होता, एका वाटीतनं दुसऱ्या वाटीत पावट्याच्या बिया एक एक उचलून टाकायच्या. धाकटीला मोजायला बसवलं. आज्जी उचलणार, ही मोजणार, दहा झाल्या की एक काडी बाजूला. पहिल्या आठवड्यात आत्तींच्या चार बिया व्हायच्या आणि धाकटीला वीसच्या पुढं येत नव्हतं. दसऱ्यापर्यंत आत्ती पन्नासवर आल्या आणि धाकटी शंभरवर. आजारी माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटणं फार मोठं आहे हो, मी ते डोळ्यांनी बघितलंय.

पण औषधं पोरांच्या हातात नाहीत म्हणजे नाहीत. तक्ता पोरांनी आखावा, टिक करावी, गोळी मात्र मोठ्या माणसानंच काढून द्यायची आणि डबा उंचावर.

आता थोरलीबद्दल. आपल्याकडं घरात आजारपण आलं की थोरली पोरगी न सांगता आई होते, भाकरी, भांडी, धाकट्यांचा अभ्यास सगळं तिच्यावर येतं आणि सगळे म्हणतात किती शहाणी आहे. माझ्या घरात पण झालं. एकदा रात्री मी तिची वही उघडली तर अठरा दिवस एक ओळ नव्हती, आणि ती मला एका शब्दानं बोलली नव्हती. मला फार लागलं ते. त्यानंतर नियम केला की सकाळी साडेसहा ते साडेआठ तिचे दोन तास तिचेच, दार लावून, त्या वेळात कुणी हाक मारायची नाही. धाकट्यांना ती दिवसात फक्त अर्धा तास बघणार, आणि ते पण वाचून दाखवायला, शिकवायला नाही. बाकी कामाला शेजारच्या काकूंना मी सरळ विचारलं, काकू म्हणाल्या, "अगं आधी सांगायचं की!" मुलगा थोरला असेल तर हा प्रश्न कमी येतो असं मला दिसतं, आणि ते बरोबर नाही. मधल्याला पण भांडी लावली, नऊ वर्षाच्या पोराला जमतंय.

भाषेचं आपल्या भागात वेगळंच असतं, मराठी घरची, कन्नड बाहेरची, इंग्रजी औषधाच्या चिठ्ठीवरची. दमलं की पहिल्यांदा कन्नड सुटतं, माझ्याकडनं पण सुटलं. सोडू नका, कारण उद्या पोराला शाळेत घालायची वेळ आली तर 2015 च्या कायद्यानुसार कर्नाटकात शाळेत कन्नड शिकावंच लागतं. पुस्तक घेऊन बसायला जमत नसेल तर बेळगावला दवाखान्यात जाताना बसच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड मधल्याला वाचायला लावा, रोज पाच शब्द पुरे. थोरलीला मी वॉर्डबाहेरचा बोर्ड वाचून मराठीत सांगायला लावायचे, मला त्याचा खरोखर उपयोग झाला. वाचनालाही जवळचंच घ्या. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली फाशी दिली ते नंदगड आमच्याच तालुक्यातलं, तिथनं मागं कित्तूरच्या चन्नम्मा राणीच्या 1824 च्या लढाईपर्यंत आम्ही गेलो: धाकटीला गोष्ट, मधल्याला नकाशा, थोरलीला इंग्रजांनी राणीचा दत्तक वारस नामंजूर का केला त्यावर एक पान.

कांजिण्यांचं आधीच गणित मांडा. एकाला आल्या की घरातल्या दुसऱ्याला 10 ते 21 दिवसांत उठतात, म्हणजे दोन-तीन पोरांच्या घरात हे आठवड्याचं काम नाही, महिना-दीड महिन्याचं आहे. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासनं सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत दुसऱ्याला लागतात, तोवर गरोदर बायका आणि तान्ही बाळं असलेल्या घरी पोरांना पाठवू नका. कडुलिंबाचा पाला आम्ही पण उशाला ठेवला, पण आंघोळ बंद केली नाही, डॉक्टरांनी कोमट पाण्यानं घालायला सांगितली होती. नखं बारीक कापा. ॲस्पिरिन अजिबात नको, तापाचं औषध डॉक्टर सांगतील तेच. ताप असेल तोवर अभ्यास शून्य, नुसतं ऐकायचं. ताप उतरून खाज राहते तेव्हा हात गुंतवायला काम हवं असतं, आम्ही माती दिली. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना नावाजलेली, अंगणातच मिळते. मधल्यानं अख्खी मलप्रभा नदी केली, कणकुंबीच्या उगमापासनं.

दवाखान्याच्या दिवसासाठी एक पिशवी कायम भरलेली ठेवा, ऐनवेळी काही सापडत नाही. एक गोष्टीचं पुस्तक, कोऱ्या वह्या, पेन्सिली, पत्ते (बेरजेला उत्तम), भिजू नये म्हणून प्लास्टिक. मोबाईलवर बालभारतीच्या पुस्तकांचे पीडीएफ फुकट मिळतात, घरी नेट असताना उतरवून ठेवा, कारण घाटाकडं रेंज जाते.

कागदांचं थोडक्यात. पोराचं शाळेत नाव घातलेलं असेल आणि आजारपणामुळं काही महिने घरी ठेवणार असाल तर घाईनं दाखला काढू नका, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या, पोच घ्या. दहावीला 75 टक्के हजेरी बघतात, तिथं उशीर नको. नाव निघालंच तरी 6 ते 14 वयाच्या पोराला वयाप्रमाणं योग्य वर्गात घेतलं पाहिजे असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. थोरलीला आम्ही एनआयओएसमधनं (केंद्र सरकारची मुक्त शाळा, घरी अभ्यास करून परीक्षा देता येते) दहावी करवतोय, वय 14 पूर्ण लागतं, मराठी माध्यम आहे, पाच विषय, आणि पास व्हायला पाच वर्षांत नऊ वेळा संधी मिळते. गेल्या ऑक्टोबरला तिला पाचही विषय द्यायचे होते, आम्ही दोनच दिले, बाकी तीन एप्रिलला. ती आधी फार नाराज झाली, मग बसून तिनंच नवीन तारखा लिहिल्या आणि पावसाच्या आलेखाशेजारी चिकटवल्या.