शिकता शिकता जिनिंगचा हिशेब सांभाळताना

विदर्भात कापसाचा हंगाम आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा साधारण एकाच वेळी येतात, म्हणून जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) अर्धवेळ हिशेबाचे काम धरताना परीक्षेचे वेळापत्रक मालकांना आधीच दाखवून सुट्ट्या ठरवून घ्याव्यात. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यवसायाला जीएसटीआर-1 (विक्रीच्या तपशिलाचे जीएसटी विवरण) पुढील महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी (कर भरण्याचे गोषवारा विवरण) 20 तारखेपर्यंत द्यावे लागते. अभ्यासाचे नियोजन या तारखा धरूनच करावे.

टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर महिनाभरात हातात बसते, काटापट्टी (वजनाची पावती) वाचणे मात्र काट्याजवळ उभे राहूनच शिकावे लागते. भरलेली गाडी 3,840 किलो आणि रिकामी 1,960 किलो भरली, तर निव्वळ कापूस 18.80 क्विंटल होतो. हा आकडा काटापट्टीवर, आवक नोंदवहीत आणि टॅलीत तंतोतंत जुळल्याखेरीज चुकारा (कापसाचे द्यायचे पैसे) काढू नये, कारण कास्तकाराने वर्षभर गाळलेल्या घामाचे मोल त्याच आकड्यावर ठरते. (आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा कापूसही अशाच काट्यावर जातो.) खोडायचे झाल्यास जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही करावी.

गावाकडची शेवटची बस सहाची असेल, तर रोकड साडेपाचलाच मोजून जुळवावी.