छोटा डेस्कटॉप घेतला आणि फोटो एडिटिंग अडखळू लागलं? या चुका टाळा

लॅपटॉप काढून टाकून मॅक मिनी हा ॲपलचा छोटा डेस्कटॉप घरी आणला, तेव्हा आईने विचारलं, "हा दुसरा सेट टॉप बॉक्स कशाला?" तिचं चुकलं नव्हतं. एम४ चिपचा हा डबा जेमतेम १२.७ सेंटीमीटर लांबरुंद आणि ५ सेंटीमीटर उंच. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मात्र मी त्याला बऱ्याच शिव्या घातल्या, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दोष बाहेर जोडलेल्या कुठल्यातरी वस्तूचा निघाला. लॅपटॉपमध्ये पडदा, बॅटरी, कीबोर्ड आयते येतात. इथे ते एकेक करून आपणच निवडायचे, आणि घोळ तिथेच होतात. विंडोजचा मिनी पीसी घेतलात तरी हेच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं एका वायरने. भिगवणला पहाटे रोहित पक्ष्यांचे फोटो काढून आलो होतो, ६४ जीबीचं कार्ड भरलेलं. कार्ड रीडर मिनीला, बाहेरची एसएसडी (वेगवान डिस्क) मिनीला, आणि कॉपी सुरू. अर्धा तास झाला तरी पट्टी सरकतेच आहे. आधी कार्डावर संशय, मग रीडरवर, मग एसएसडीवर. शेवटी लक्षात आलं की एसएसडीबरोबर आलेली आखूड वायर सापडेना म्हणून मी मोबाइल चार्जरची लावली होती. दोन्ही टोकांना टाइप-सी, दिसायला सारखीच. पण चार्जरच्या बहुतेक वायरी आतून यूएसबी २.० असतात. कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३५-४० मेगाबाइट. मूळ वायर सापडल्यावर तेच कार्ड बारा-तेरा मिनिटांत उतरलं.

ही तपासणी सोपी आहे. मॅकमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडून यूएसबीच्या यादीत आपली ड्राइव्ह शोधा. तिच्यापुढे '480 Mb/s' (मेगाबिट) दिसलं तर वायर बदला, '10 Gb/s' (गिगाबिट) दिसलं तर वायर निर्दोष. विंडोजवर एखादी १ जीबीची फाइल कॉपी करून घड्याळ बघा; २५-३० सेकंद लागले तर तोच प्रकार. चांगली वायर सापडली की तिला लगेच रंगीत टेप गुंडाळून ठेवा. घरात कुणीही ती फोनला लावून निघून जातं.

दुसरी मोठी चूक साठवणीची. मूळ मॉडेलमध्ये २५६ जीबी मिळतात म्हणून लोक घाबरून आतली जागा वाढवून घेतात आणि रॅमवर पैसे वाचवतात. करायचं नेमकं उलट. मॅक मिनीची रॅम नंतर वाढवता येत नाही, जागा मात्र बाहेरून हवी तेवढी जोडता येते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासाठी १६ जीबी रॅम पुरते. ४५ मेगापिक्सेलचे पॅनोरमा जोडायचे असतील किंवा फोटोशॉपमध्ये लेअरवर लेअर चढवायची सवय असेल, तर २४ जीबीचा विचार करा. विंडोजच्या मिनी पीसीत रॅम बऱ्याचदा बदलता येते, पण तिथे वेगळी गोम आहे. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्यांच्या मानाने आतलं ग्राफिक्स मंदावतं, कारण तेही याच रॅमवर जगतं. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे पुसणं) एकेका फोटोला मिनिटं घेत असेल तर आधी झाकण उघडून पट्ट्या मोजा.

लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंच्या नोंदी आणि एडिटिंग जिथे राहतं ती फाइल, आतल्या डिस्कवर ठेवा आणि रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स) बाहेरच्या एसएसडीवर. नव्या मशीनवर आल्यावर फोल्डरांवर प्रश्नचिन्हं दिसली की हातपाय गळतात आणि माणूस सगळं पुन्हा इम्पोर्ट करतो. ते मात्र करू नका! एका शॉटच्या दोन नोंदी होतात आणि जुनं एडिटिंग जुन्या नोंदीलाच चिकटून राहतं. फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडा आणि नवी जागा दाखवा, झालं. विंडोजवर दर वेळी ड्राइव्हचं अक्षर बदलून हाच त्रास होत असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला एक अक्षर कायमचं देऊन टाका. विंडोजमधून मॅकवर येणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो: जुन्या एनटीएफएस (विंडोजच्या फॉरमॅटच्या) ड्राइव्हमधले फोटो दिसतात, पण तिच्यावर काहीच लिहिता येत नाही. ड्राइव्ह खराब नसते, मॅक तशी ड्राइव्ह फक्त वाचतो. फॉरमॅट करायचं ते सगळा माल दुसरीकडे उतरवून झाल्यावरच. आणि लाइटरूम बंद करताना जो बॅकअप विचारतो तो कॅटलॉगचा असतो. त्यात तुमचा एकही फोटो नसतो.

मॉनिटरचं म्हणाल तर लॅपटॉपच्या पडद्याची सवय झालेला डोळा फसतो. भिगवणच्याच एका फोटोची १२ बाय १८ प्रिंट काढली, तर पहाटेचं पाणी डांबरासारखं काळं. मी लॅबवाल्याशी हुज्जत घालून आलो. चूक माझी होती: नव्या मॉनिटरचा ब्राइटनेस १०० टक्क्यांवर होता, त्यामुळे फोटो मुळातच उजळ दिसत होता आणि मी तो एडिटिंगमध्ये गडद करत गेलो. प्रिंटसाठी साधारण १०० ते १२० निट्स (उजेडाचं माप) पुरतात. मोजायचं यंत्र नसेल तर मॉनिटरशेजारी कोरा कागद धरा आणि पांढरा पडदा त्या कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. अगदी ढोबळ युक्ती आहे, पण माझी पुढची प्रिंट तिनेच वाचवली. खरेदी करताना 'एसआरजीबी ९९ टक्के' असं काहीतरी लिहिलेलं बघा; पडदा किती रंग दाखवू शकतो त्याचं ते माप. '४५ टक्के एनटीएससी' दिसलं तर फोटोंसाठी तो मॉनिटर सोडून द्या. एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज 'लिमिटेड'वर अडकलेली असते, ती 'फुल' करा.

लाइट गेली की लॅपटॉपला काही वाटत नाही, हा डबा जागीच मान टाकतो. कॅटलॉगमध्ये लिहिणं चालू असताना तसं झालं तर कॅटलॉग बिघडू शकतो. डबा वीज कमी खातो, त्यामुळे घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. पण मॉनिटरही त्याच्यावरच हवा. मी पहिल्यांदा तो भिंतीच्या प्लगमध्ये ठेवला होता. लाइट गेली तेव्हा डबा मजेत चालू, पडदा काळा, आणि मी अंदाजाने सेव्ह करतोय.

एसएसडी जोडली की वायरलेस माऊस अडखळतो, हा प्रकारही विनोदी आहे. यूएसबी ३ च्या ड्राइव्ह आणि वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात आणि माऊसचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) त्याच पट्ट्यात बोलत असतो. डोंगलला छोटी एक्स्टेन्शन वायर लावून तो एसएसडीपासून हातभर लांब न्या. नवा माऊस घ्यायची गरज नाही.

राहता राहिला पंखा. मिनीचा पंखा एरवी ऐकूच येत नाही, आणि एका संध्याकाळी तो एकदम घरघरू लागला. एम४ मिनीची हवा खालच्या बाजूने आतबाहेर होते, आणि टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून आईने त्याच्याखाली क्रोशाचा जाड रुमाल अंथरला होता. तो रुमाल आता मॉनिटरच्या स्टँडखाली आहे.