पुढचे पर्व उणे का वाटते, ते नेमके कसे लिहावे

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घरी रविवारी संध्याकाळी पाच-सात मुले अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिका, पाहायला जमतात. आवडत्या प्रेमकथेचे पुढचे पर्व संपले की त्यांच्यातले कोणीतरी हमखास म्हणते, "पहिल्याची सर नाही की वो काका." त्यांचे म्हणणे बहुधा खरेच असते, पण कोणती सर, ती कुठे ओसरली आणि कशामुळे, हे सांगितल्याशिवाय त्याला परीक्षण म्हणता येत नाही. ते सांगता यावे यासाठी मी जी पद्धत वापरतो, ती 'नोदामे कँताबिले' या संगीतप्रधान प्रेमकथेच्या आधाराने येथे मांडतो.

सर्वप्रथम, पुढचे पर्व लावण्याआधी मूळ मालिकेचे पहिले आणि शेवटचे दोन भाग पुन्हा पाहावेत आणि ती मालिका कोणत्या एका प्रश्नावर उभी होती, ते वहीत एका वाक्यात लिहावे. २००७ सालच्या पहिल्या पर्वात चिआकी या विद्यार्थ्याला कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, व्हायचे आहे, पण लहानपणी विमानात आलेल्या जीवघेण्या प्रसंगाच्या धास्तीने तो जपानबाहेर पाऊल टाकू शकत नाही. तो जाऊ शकेल का, आणि शेजारच्या खोलीतली अजागळ, पण विलक्षण कानाची पियानोवादक नोदामे त्याच्याबरोबर जाईल का, हा तो प्रश्न आहे. शेवटी दोघांचाही पॅरिसला जाण्याचा मार्ग मोकळा होतो, म्हणजे प्रश्न सुटतो. प्रेमकथेच्या पुढच्या पर्वाची खरी अडचण इथेच सुरू होते, कारण ज्या ओढीने आपण तेवीस भाग पाहिले, ती ओढ संपलेली असते आणि पात्रांवरचा लोभ तेवढा शिल्लक राहतो. म्हणून दुसरे वाक्य लिहावे: नव्या पर्वाचा प्रश्न कोणता? पॅरिसमधल्या पर्वाला प्रश्न आहे. चिआकी झपाट्याने पुढे जात असताना नोदामे स्वतःच्या वाटेने वाजवत राहील की मागे पडेल, असा तो आहे, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षाही सखोल आहे. मग पर्व उणे का वाटते?

येथे निर्मितीची माहिती तपासून घ्यावी. पहिल्या पर्वाचे २३ भाग होते, २००८ च्या पॅरिस पर्वाचे ११ आणि २०१० च्या अखेरच्या पर्वाचेही ११. पहिले पर्व केनइची कासाई यांनी दिग्दर्शित केले, पुढची दोन चिआकी कोन यांनी (नायकाशी फक्त नामसाम्य). स्टुडिओ मात्र तिन्ही वेळा जे. सी. स्टाफ हाच होता. त्यामुळे "स्टुडिओ बदलला म्हणून बिघडले" हे सहज ओठांवर येणारे वाक्य येथे लागू पडत नाही, आणि न तपासता ते लिहिणे निर्मात्यांवर अन्याय करणारे ठरते.

मी स्वतः एका छोट्या दिवाळी अंकासाठी या मालिकेवर लिहिले, तेव्हा कथा जपानबाहेर गेल्यामुळे रंग उतरला, असे ठासून म्हटले होते. हार्मोनियम शिकवणारे आमच्या ओळखीचे एक वयस्क गुरुजी नातवाबरोबर ती मालिका पाहत असत. त्यांनी मला थांबवून सांगितले, "गाव बदलल्याने काही होत नाही हो, यांनी विलंबित गाळून थेट द्रुत धरले आहे." म्हणजे संथ लय सोडून थेट जलद लय. ज्या मुलखातल्या सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला, तिथल्या वाचकाला याहून जास्त समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या पर्वात चिआकी स्वतःच्याच दाराशी झोपी जातो आणि जागा होतो तो नोदामेच्या कचऱ्याने भरलेल्या खोलीत, बेथोवनचा 'पाथेतीक' सोनाटा ही पियानोरचना ऐकत. पुढे दोन पियानोंसाठीच्या मोत्सार्टच्या सोनाट्याचा सराव करताना तो तिच्याकडे पाहायला आणि तिच्यामागून वाजवायला शिकतो. ते शिकणे आपल्यासमोर घडते, कारण त्याला अवकाश मिळालेला आहे. तेव्हा दोन्ही पर्वांतला एकाच जातीचा एकेक प्रसंग, उदाहरणार्थ सरावाचा, घड्याळ लावून पाहावा आणि कोणी न बोलता किती सेकंद गेले, ते टिपावे. उणेपणाचा पुरावा पुष्कळदा त्या आकड्यांतच सापडतो.

जे जमले आहे, तेही तितक्याच काळजीने लिहावे. ब्रिटनीतल्या मोत्सार्टवेड्या उमरावाच्या वाड्यात नोदामेची जी मैफल होते, तिथे पॅरिस पर्व मोकळा श्वास घेते, आणि ती मैफल पाहिल्यावरच इतरत्र काय हुकले, ते कळते.

भाषेकडे विशेष लक्ष द्यावे, असा माझा आग्रह आहे. पहिल्या पर्वात कबुली, भांडण, पळापळ अशा ठळक घटना असतात. पुढच्या पर्वात नात्यातला बदल संबोधनांसारख्या बारीक गोष्टींतून दिसतो. जपानी माणूस आडनावाला 'सान' जोडून बोलता बोलता नुसत्या नावावर येतो, तेव्हा ते आपल्या 'अहो'वरून 'अरे'वर किंवा कन्नडमधल्या 'नीवु'वरून 'नीनु'वर येण्याइतके मोठे असते. इंग्रजी सबटायटलांत बऱ्याचदा दोन्हीकडे एकच शब्द राहतो आणि प्रसंग कोरडा भासतो. निपाणीपासून खानापूरपर्यंत दोन भाषांत वाढलेल्या आपल्या वाचकाला हा फरक कानाने टिपता येतो, म्हणून डबिंग टाळून मूळ आवाज ऐकावा आणि अनुवादाचा दोष मालिकेच्या माथी मारू नये.

निर्मात्यांचा हेतूही पाहावा. 'होरिमिया' या शाळेतल्या प्रेमकथेच्या अॅनिमेने २०२१ मध्ये १३ भागांतच शाळा संपण्यापर्यंत मजल मारली. २०२३ चे १३ भाग मागे राहिलेले प्रसंग दाखवायला पुन्हा शाळेत गेले. त्यांत पुढची कथा शोधणाऱ्याची निराशा होणारच. उलट 'क्लॅनाड' या दुसऱ्या अॅनिमेच्या २००८ सालच्या उत्तरपर्वाने शाळा सोडून नोकरी, संसार आणि मूल यांचा प्रश्न हाती घेतला व ते मूळ पर्वापेक्षा सरस ठरले, असे मला वाटते.

मसुदा झाला की मूळ मालिका न पाहिलेल्या माणसाला तो वाचून दाखवावा. माझा मसुदा मी खानापूरच्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवला. भागांची संख्या, दिग्दर्शक, सेकंद, सगळे तिने शांतपणे ऐकले आणि मग विचारले, "पण ती पोरगी शेवटाला वाजवती की नाही, ते सांग की." ते मी कुठेच लिहिले नव्हते. त्या रात्री पहिली दोन पाने काढून टाकली आणि नोदामेपासून पुन्हा सुरुवात केली.