चेटूक शिकणाऱ्या नायिकेची कादंबरी इंदुरात बेतायची तर

साठ हजार शब्द धरा. नायिका बाविशीची, आणि पहिल्याच प्रकरणात तिचा एक प्रश्न पक्का: वडील गेले तेव्हा ते माझ्यावर रागावलेले होते का? उत्तर हो किंवा नाही येईल, असाच प्रश्न हवा. नुसता ‘स्वतःचा शोध’ ठेवलात तर शंभराव्या पानाशी कथा बसते, कारण शोध संपला हे ना तिला कळतं ना वाचकाला.

गुरू दोन द्या. एक विजयनगरच्या फ्लॅटमध्ये फी घेऊन टॅरो (भविष्य सांगायची चित्रांची पानं) आणि विक्का (युरोपातला आधुनिक चेटूक-पंथ) शिकवणारी; दुसरी लोकमान्य नगरातली आजी, जी स्वतःला गुरू म्हणवून घेणार नाही. पहिलीशी नायिका हिंदीत बोलेल, आजीशी मराठीत. एकटी असताना मंत्र कुठल्या भाषेत पुटपुटते, ते आधीच ठरवून ठेवा.

टॅरोची पानं ७८: २२ मोठी, ५६ छोटी. आज सगळीकडे दिसणारा संच १९०९ चा, लंडनमधला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. १३ क्रमांकाचं ‘मृत्यू’ निघालं म्हणून पुढच्या पानावर कुणाला मारू नका. जाणकार त्यातून एखाद्या गोष्टीचा शेवट आणि पालट वाचतात. हे ठाऊक असलेला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. ‘आमची विक्काची परंपरा हजारो वर्षांची,’ असं ती फी घेणारी बाई सांगेल. सांगू द्या. लेखकाला मात्र माहीत हवं की ब्रिटनचा चेटकाविषयीचा १७३५ चा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि विक्का लोकांपुढे आणणारं जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक १९५४ चं. नायिकेला हे निम्म्या वाटेवर कळावं. विद्या कालची असली म्हणजे खोटी का, यावर ती अडली की कादंबरीचा मधला, हमखास ढिला पडणारा भाग तग धरतो.

आजी दृष्ट काढते, तिचं सामान थोडकं: मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या. मुठीत धरून ओवाळायचं आणि विस्तवावर टाकायचं. फ्लॅटमध्ये विस्तव कुठला, तर गॅसवर जुना तवा. ठसका लागला नाही तर ‘दृष्ट जबर होती’ म्हणायचं. ठसका लागला की नाही एवढंच लिहा. कारण द्यायला गेलात की एक तर प्रवचन होतं, नाही तर चमत्कार.

एक प्रकरण इंदुराबाहेर हवंच. झाबुआ-अलीराजपूरकडे बाईला ‘डाकण’, म्हणजे चेटकीण, ठरवून मारझोड होते, कधी जीवही जातो. इथे फी भरून हौसेने चेटकीण होणाऱ्या मुलीला तिथलं काहीच ठाऊक नसेल, तर कादंबरी पोकळ वाटते.

सणांत सर्वांत जास्त घोळ होतो. विक्काचे आठ सण युरोपच्या ऋतूंवर बेतलेले. ३१ ऑक्टोबरची मृतांची रात्र तिथे पानगळीत येते, इथे तेव्हा दिवाळीचं वातावरण. १ मेला तिथे वसंत, आपल्याकडे डोक्यावर रुमाल. म्हणून कादंबरीचा शेवटचा एक-तृतीयांश सरळ पितृपक्षात टाका, कारण नेमकी तेव्हाच माळव्यात संजा असते: भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत कुमारिका भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, अखेरीस किलाकोट, म्हणजे किल्ल्याची मोठी आकृती, करतात आणि मग विसर्जन. पितरांचा पंधरवडा आणि मुलींचा खेळ एकाच संध्याकाळी; इतकं तयार बांधकाम दुसरीकडे मिळणार नाही. १६ आकृत्या, दर आकृतीला साधारण १,२५० शब्द, म्हणजे २०,००० झाले. तिथींची क्षय-वृद्धी होते, म्हणजे एखादी गळते किंवा वाढते, तेव्हा कथेचं वर्ष निवडून पंचांग आधी पाहा. ऑइल पेंटच्या भिंतीवर शेण धरत नाही, सुकलं की पोपडे पडतात, तेव्हा नायिकेला पुठ्ठा द्या. संजेची गाणी माळवीतच ठेवा. नायिका मराठी घरातली, गाणी शेजारणींकडून शिकलेली, म्हणून एखाददुसरा शब्द तिच्या तोंडी चुकलेला चालेल, आणि शेजारणींनी तो लगेच दुरुस्त करावा.